दफनभूमीच्या शेजारी घर



पनवेलमध्ये नवनव्या इमारती उभ्या राहत आहेत. घर शोधणारी आपली मंडळी कधीकधी विचारतात, "फादर, खिडकीतून सिमेट्री दिसते, पण भाव कमी आहे. घ्यावं का?" प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण त्यात आपल्या श्रद्धेचीही थोडी परीक्षा असते.

फायदे सांगायला नकोत. मोकळी जागा, झाडे, वारा. आजूबाजूला टॉवर झाले तरी तेवढी बाजू सहसा उघडी राहते. शिवाय हे शेजारी मोठ्याने टीव्ही लावत नाहीत!

पण भीती वाटते, त्याचे काय? प्राचीन रोममध्ये बारा पाट्यांच्या कायद्याने (इ.स.पू. ४५० च्या सुमारास) शहराच्या हद्दीत मृताला पुरायला किंवा जाळायला बंदी होती. मृत बाहेर, जिवंत आत. ही वाटणी ख्रिस्ती लोकांना मानवली नाही. ते रक्तसाक्षींच्या कबरींपाशी प्रार्थनेला जमू लागले. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने व्हॅटिकन टेकडीवर संत पेत्राचे महामंदिर उभारले, तेही एका दफनभूमीवरच. पुढे चर्चच्या आवारातच कबरी आल्या. वसईच्या गावांत हे आपण पाहतोच. 'सिमेट्री' हा शब्दही मूळ ग्रीक, अर्थ झोपण्याची जागा. हिब्रूत तर दफनभूमीला 'बेत हाइम', म्हणजे जिवंतांचे घर, असेही म्हणतात. तेव्हा केवळ भुताखेताच्या गोष्टी ऐकून घर नाकारू नये.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. पहिली पाण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या अहवालात पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअरवेल दफनाच्या जागेपासून किमान २५० मीटर दूर असावी, असे सुचवले आहे. आपल्या कोकणात पावसाळ्यात जमिनीतले पाणी किती वर येते ते तुम्ही जाणताच. म्हणून इमारतीत पाणी नळाचे की बोअरचे, हे आधी विचारा.

दुसरी अडचण दुःखाची, आणि ती मला अधिक मोठी वाटते. ज्या आईचे लेकरू नुकतेच तिथे ठेवले आहे, तिला रोज सकाळी खिडकीतून तीच माती दिसणे बरे नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ५) एक माणूस रात्रंदिवस कबरींमध्येच राहतो. येशू त्याला बरे करतो आणि तिथे ठेवत नाही, आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. अशा कुटुंबाला मी तरी सांगेन, घर थोडे दूर घ्या, कबरीला भेट द्यायला या.

शिवाय जागेच्या टंचाईमुळे मुंबई परिसरात बहुतेक कबरी कायमच्या नसतात. काही वर्षांनी अस्थी काढून निशमध्ये ठेवतात. एका कबरीसाठी कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

बाकीच्यांनी घर नक्की करण्यापूर्वी २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथे एक चक्कर मारावी. मेणबत्त्या, फुलवाले, गर्दी आणि गाड्या लावायची पंचाईत, सगळे एकदम दिसेल.