लहान संगणक बंद करण्याची रीत

पाठाचा हेतू

शिक्षणाच्या हेतूने सिद्ध झालेल्या लहान संगणकांत ‘रास्पबेरी पाय’ हे नाव आज बरेच परिचित आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे, मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याची गोडी लागावी म्हणून तो तयार करण्यात आला व फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला. तळहातावर मावणाऱ्या या यंत्राच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या बोर्डांवर बंद करण्याचे बटणच नाही. २०२३ मध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीत ते आहे. बटण नाही, तेव्हा वायर उपटावी, असा समज सहज होतो. तो चुकीचा का, हे शिक्षकाने स्वतः जाणून घ्यावे व मुलांस पटवून द्यावे, हा या पाठाचा हेतू होय.

कारण

संगणकास लिहावयाच्या जागा दोन. एक स्मृती, दुसरी नखाएवढे मेमरी कार्ड. स्मृती ही पाटीसारखी : जलद, पण वीज जाताच कोरी होणारी. कार्ड हे वहीसारखे : संथ, पण टिकाऊ. मुलाने उत्तर लिहून जतन केले की ते तत्काळ वहीत उतरते, असे नाही. वारंवार वहीकडे जाण्याचा खटाटोप टळावा म्हणून यंत्रातील लिनक्स ही कार्यप्रणाली मजकूर आधी पाटीवर ठेवते व मागाहून एकत्र उतरविते. सर्वसाधारण मांडणीत यास सुमारे ३० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्यात वायर निघाली, तर मुलाचे उत्तर गेले.

कोणता मजकूर कोठे आहे याची अनुक्रमणिकाही कार्डावर असते. ती अर्धवट लिहिली गेली, तर पाने शाबूत असूनही सापडत नाहीत. म्हणून दुकानदार जसा आधी रोजकीर्दीत टिपून मग खतावणीत नेतो, तशी व्यवस्था या प्रणालीत केलेली आहे. तिच्यायोगे अनुक्रमणिका बहुधा वाचते. पाटीवर राहिलेले उत्तर मात्र परत येत नाही. शिवाय कार्ड एकच ओळ खोडून लिहीत नाही. ते मोठा गट एकदम पुसते व नव्याने भरते. नेमकी त्या घटकेला वीज तुटल्यास शेजारचा जुना मजकूरही बिघडतो, आणि प्रसंगी यंत्र पुन्हा सुरूच होत नाही.

वर्गातील प्रयोग

तीन मुले पुढे बोलवावीत. पहिल्याने दहा शब्द सांगावेत, दुसऱ्याने ते पाटीवर लिहावेत, तिसऱ्याने पाटीवरून वहीत उतरावेत. मध्येच शिक्षकाने पाटी पुसावी. वहीत किती शब्द आले व शेवटचा शब्द पुरा झाला की नाही, हे मुलांनीच मोजावे. दुसऱ्या खेपेस ‘आता थांबा, राहिलेले उतरून घ्या’ असे सांगून मग पाटी पुसावी. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

बंद करण्याचा क्रम

१. चालू काम जतन करून सर्व खिडक्या मिटाव्यात.

२. मेनूतून ‘शटडाउन’ निवडावे. पडदा काळा झाला म्हणजे काम संपले, असे समजू नये.

३. बोर्डावरील हिरवा दिवा कार्डाशी व्यवहार चालू असता लुकलुकतो. तो विझून स्थिर होईपर्यंत थांबावे. तांबडा दिवा वीज जोडलेली असेपर्यंत पेटलेलाच राहतो. पाचव्या आवृत्तीत दिवा एकच असून तो हिरव्याचा तांबडा होतो.

४. त्यानंतरच भिंतीवरील बटण बंद करावे.

वीज अकस्मात गेल्यास

जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएस जोडावे. परंतु त्याने मिळणारी मिनिटे पाठ पुढे रेटण्यासाठी नसून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहेत. यंत्रावर केवळ धडे दाखवावयाचे असतील, तर कार्डावर काहीच लिहिले जाणार नाही अशी मांडणी करता येते; मात्र मग मुलांचे कामही त्यावर टिकत नाही. कार्डाची एक प्रत दुसऱ्या कार्डावर करून कपाटात ठेवावी.

शाळा सुटताना फळा पुसणे व खिडक्या लावणे ही कामे जशी पाळीने नेमलेली असतात, तसेच हिरवा दिवा विझेपर्यंत थांबण्याचे कामही एका विद्यार्थ्याकडे नेमून द्यावे. एकदा गेलेले उत्तर मूल पुन्हा लिहीलही. पण पहिल्या खेपेची उमेद त्यात असेलच, असे नाही.