गांवनालीचें पाणी, शेवाळ आणि इंधन

मुलचेरा तालुक्यांत धान हेंच मुख्य पीक. आणि धान म्हटलें कीं बोडी व तलाव आलेच. ज्या गांवीं नालीचें पाणी बोडींत उतरतें, तेथें उन्हाळ्यांत पाण्यास दाट हिरवा रंग चढतो. बोडीचें पाणी कोणीं कशास घ्यावें हें निस्तारपत्रकांत लिहिलेलें असतें. तींत नाली सोडण्याचा हक्क मात्र मीं नोकरींत पाहिलेल्या एकाही पत्रकांत वाचला नाहीं.

हा हिरवा रंग शेवाळाचा. सांडपाण्यांतील घाण सूक्ष्म जंतु कुजवितात. त्यांस प्राणवायु लागतो. तो शेवाळ सूर्यप्रकाशांत पुरवितें, आणि जंतूंनीं सोडलेला कर्बवायु व पाण्यांतील नत्र आणि स्फुरद घेऊन स्वतः वाढतें. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विल्यम ऑस्वाल्ड यांनीं १९५० नंतर याच तत्त्वावर सुमारें एक फूट खोलीचीं तळीं सिद्ध केलीं. हिरव्या पाण्यांत प्रकाश फार खोल जात नाहीं, म्हणून हा उथळपणा. सांडपाण्याच्या तळ्यांचा अभ्यास नागपूरच्या नीरी या संस्थेनेंही केला आहे. ती १९५८ सालीं स्थापन झाली.

परंतु पाणी हिरवें झालें म्हणजे शुद्ध झालें असें नव्हे. शेवाळ काढून न घेतल्यास तें मरून कुजतें, घेतलेलें खत पाण्यास परत देतें. रात्रीं तर तें स्वतःच प्राणवायु खातें. पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकतात तें बहुधा यामुळेंच. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या कांहीं जाती विषारी असतात. तसली साय धरलेलें पाणी जनावरांस पाजूं नये.

शेवाळापासून तेल काढण्याची आशा मोठी होती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानें १९७८ ते १९९६ पर्यंत प्रयोग केले. तें तेल खनिज तेलाहून फार महाग पडलें. चांगल्या तळ्यांतही लिटरभर पाण्यांत कोरडें शेवाळ अर्ध्या ग्रॅमहून क्वचितच अधिक असतें. म्हणजे अर्ध्या किलोसाठीं हजार लिटर पाणी गाळणें आलें. जन्मभर कारकुनी केलेल्यास पुढील ताळेबंद मांडावा लागत नाहीं.

आपणांस साधेल तें एवढेंच. नालीच्या तोंडाशीं गाळ बसण्यास एक खड्डा, त्यापुढें बोडीपासून वेगळें उथळ तळें. बारीक शेवाळ फडक्यांतून निसटतें, पण तंतूंचें शेवाळ बांबूनें ओढून काढतां येतें. तें शेणांत मिसळून गोबर गॅसच्या टाकींत घालावें. नुसतें घालूं नये, कारण त्यांत नत्र फार. निघालेलें पाणी धानाच्या बांधीस द्यावें, कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊं नये. तळ्याचा बांध मात्र मृगापूर्वीं उंच करावा. नाहींतर पहिल्याच पुरांत सगळें बोडींत जाईल.