मज्जारज्जूचे चित्र कशासाठी?

पाय बधिर झाले, तोल गेला की आम्ही ‘वात’ म्हणून तेल चोळत बसतो. तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत, हा मल्टिपल स्क्लेरोसिसही असू शकतो. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरील आवरण कुरतडते. विजेच्या तारेवरचे रबर निघावे तसे. मेंदूच्या एम.आर.आय.बरोबर मानेतील मज्जारज्जूचाही काढावा का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. तेथे आरंभीच डाग दिसले, किंवा वर्षागणिक रज्जू बारीक होत गेला, तर पुढे अपंगत्वाचा धोका अधिक. हा अंदाज आहे, भविष्य नव्हे. पण जोरदार औषध लवकर सुरू करावे का, हे ठरवण्यास तो उपयोगी पडतो. चिकोडीहून बेळगाव-कोल्हापूरची खेप खर्चाची खरी. जुनी फिल्म मात्र टाकू नये. तुलना तिच्याशीच करायची असते. आणि निपाणीच्या मुलखात सांगणे अवघड, पण विडी ओढणाऱ्यांत हा आजार लवकर बळावतो.