अंतेवासी : कोंडाणे लेण्यांची अर्ध्या दिवसाची अभ्यासवाट

लाल दगडातील बुद्धमूर्ती म्हटली, की मथुरेचा वालुकाश्म आठवतो. आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांत तो दगड नाही. येथे माती तांबडी आणि कातळ काळा, बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा कातळ घडला. सह्याद्रीच्या कड्यांत दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. खालचा थर झिजून झालेली ती माती वरून आलेल्या तप्त रसाने भाजली गेली. मुलांनी आधी कड्याकडे पाहून थर मोजावेत. अभ्यासाचा आरंभ तेथूनच होतो.

कुंभिवलीहून वाहनाने कर्जतमार्गे कोंदिवडे गाठावे. उन्हे चढण्यापूर्वी, गावातील जाणता वाटाड्या सोबत घेऊन, पुरेसे पाणी बाळगून निघावे. राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून तासा-दीड तासात लेणी येतात. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो आणि ओढे फुगतात. म्हणून मुलांची सहल हिवाळ्यात काढावी.

ही लेणी इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील कमान आणि वेदिकापट्ट्या नीट पाहाव्यात. ही सारी लाकडी बांधकामाची दगडात केलेली नक्कल आहे. आतील स्तूप व बहुतेक स्तंभ आज भग्न आहेत. शेजारच्या विहारात भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत. वर्षावासाचे तीन महिने भिक्खू एके ठिकाणी राहून अध्ययन व ध्यान करीत. एका अर्थी ही निवासी शाळाच होती.

या वाटेवरचा मुख्य धडा चैत्यगृहाच्या डाव्या बाजूस आहे. तेथे एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलुक याने हे केले, असा तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. बलुकाने ना पदवी सांगितली, ना कुळ, ना गाव. त्याने आपली ओळख एवढीच दिली, की मी अमक्याचा शिष्य. आणि गुरूचे नाव आपल्या नावाआधी कोरले. दोन हजार वर्षांनंतरही ती दोन्ही नावे सोबत वाचली जातात.

आपल्या विद्यालयातील अनेक मुलांच्या आजी-पणजींना अक्षराला हात लावण्याची संधी मिळाली नाही. त्यांची नात या ओळीसमोर उभी राहून एकेक ब्राह्मी अक्षर ओळखते, तेव्हा तिला कळते, की शिकणे ही कोणी दिलेली भीक नाही. तो तिचा जुना वारसा आहे, मध्यंतरी हिरावलेला. म्हणून सहलीपूर्वी आठवडाभर वर्गात ब्राह्मी वर्णमाला शिकवावी. नाहीतर ती ओळ केवळ रेघोट्या वाटेल.

काही पर्यटक लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे खरवडतात. मुलांना हा फरक तेथेच दाखवावा. भिंतीला हात न लावता प्रत्येकाने वहीत ती ओळ उतरवून घ्यावी आणि तिच्याखाली, स्वतःच्या नावाआधी, आपल्याला पहिले अक्षर शिकवणाऱ्याचे नाव लिहावे. माजी विद्यार्थ्यांनीही एकदा पुन्हा ही वाट चालावी. शाळा सोडून कितीही वर्षे झाली, तरी आपण अंतेवासीच आहोत.