अपडेटनंतर वायफाय बिघडलं, तर टाचणी आधी टोचू नका

राउटरचं फर्मवेअर अपडेट झालं की कुणाकडे सकाळी उठल्यावर नेटच नसतं, कुणाकडे हॉलमध्ये रेंज येते पण आतल्या खोलीत येत नाही, तर कुणाकडे सगळे मोबाइल चालतात आणि प्रिंटर तेवढा जोडला जात नाही. अपडेट पुष्कळदा आपण केलेलंच नसतं. फायबरचं कनेक्शन देणारी कंपनी तिने दिलेला डबा दुरूनच, बहुधा रात्री, अपडेट करू शकते. तेव्हा घरातला माणूस ‘मी कशालाच हात लावला नाही’ म्हणतो ते खरं असतं.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबून धर, सगळं पहिल्यासारखं होईल. हा उपाय सगळ्यात आधी केला जातो आणि तो सगळ्यात शेवटी करायला हवा. रीसेटने बिघाड जाईलच असं नाही. पण राउटरमध्ये भरलेलं नेटचं लॉगिन पुसलं जातं. मग केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत घरून काम करणारे आणि परीक्षेचा फॉर्म भरणारी मुलं अडकून पडतात.

त्याआधी टप्प्याटप्प्याने तपासायला साहित्य फार लागत नाही. एक लॅन केबल, लॅपटॉप (त्याला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा अडॅप्टर), डेटा चालू असलेला एक मोबाइल आणि वही-पेन. वही गंमत म्हणून सांगत नाही. काय बदललं, आधी काय होतं, हे लिहून न ठेवता चार सेटिंग एकदम फिरवली की मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हे कळेनासं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, तपासा, उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करा.

पहिलं काम, थांबणं. अपडेट चालू असताना दिवे लुकलुकतात, राउटर स्वतःहून एक-दोनदा बंद-चालू होतो. अशा वेळी बटण बंद केलं आणि फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं, तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका.

त्यानंतर बंद-चालू करायचं, पण क्रमाने. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही बंद करा. मिनिटभराने आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. दोन्ही एकदम चालू केले तर पुढून लाइन मिळायच्या आतच राउटर नेट मागत राहतो.

आता दिवे बघा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर अपडेटचा दोष नाही. प्रकाशच पोहोचत नाहीये. वायर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा पिनेतून सैल झाली आहे. पिन हलक्या हाताने नीट बसवून बघा, नाहीतर सरळ तक्रार नोंदवा. ‘पॉन’चा दिवा सतत लुकलुकत असेल, तर डब्याची पुढच्या यंत्राकडे नोंद होत नाहीये आणि तेही कंपनीनेच करायचं काम आहे. पॉन स्थिर हिरवा असेल तरच पुढे जा.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच बहुतेक जण गाळतात. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि लॅन केबलने तो राउटरला जोडा. नेट आलं, तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे, बिघाड वायफायमध्ये आहे. नाही आलं, तर वायफायच्या सेटिंगमध्ये तासभर घालवून हाती काही लागणार नाही. पाच मिनिटांच्या या तपासणीने अर्धं काम हलकं होतं.

वायरवरही नेट नसेल, तर राउटरचं पान उघडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता (इंग्रजी आकड्यांत) टाकावा लागतो; नेमका कुठला ते राउटरच्या तळाच्या लेबलवर असतं, किंवा मोबाइलच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’समोर दिसतं. आत ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’चं पान शोधा. तिथे आयपी पत्त्याच्या जागी सगळी शून्यं किंवा रिकामी जागा असेल, तर लॉगिन होत नाहीये. आपल्याकडे अनेक ठिकाणी, विशेषतः स्थानिक केबलवाल्यांच्या कनेक्शनवर, पीपीपीओई पद्धत असते. तीत यूजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेला असतो. अपडेटनंतर कनेक्शनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’वर गेलेला दिसला तर तो पुन्हा पीपीपीओई करा. व्हीलॅनचा आकडा पुसला गेलाय का तेही बघा. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, अंदाजाने टाकू नका, फोन करून विचारा. काही ऑपरेटर जुन्या राउटरच्या मॅक पत्त्यालाच (यंत्राच्या ओळख क्रमांकालाच) नेट देतात. तुम्ही नवा राउटर घेताना तो पत्ता ‘मॅक क्लोन’मध्ये टाकलेला असेल आणि अपडेटने तो गेला असेल, तर यूजरनेम-पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होणार नाही.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर वेगळा प्रकार आहे. फायबरचा डबा ‘ब्रिज’ मोडमधून (नुसती लाइन पुढे देण्याच्या कामातून) बाहेर येऊन स्वतःच राउटर झालाय. त्यात दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला की गोंधळ उडतो, नेट येतं-जातं. डबा पुन्हा ब्रिजवर टाकून घ्या, किंवा निदान आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा.

वॅनला पत्ता मिळालाय, तरी साइट उघडत नाहीत? लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ लिहून पुढे ८.८.८.८ द्या. उत्तर येत असेल तर लाइन चालू आहे, फक्त नावांचे पत्ते शोधणारी डीएनएस सेवा बंद आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, बघा. पीपीपीओईची स्वतःची आठ बाइट जात असल्याने तिथे १५०० नव्हे, १४९२ लागतो.

वायरवर नेट झकास आणि वायफाय तेवढं बिघडलेलं असेल, तर काम सोपं आहे. आधी मोबाइलमध्ये ते नेटवर्क ‘विसरा’ आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. निम्म्या तक्रारी इथेच संपाव्यात.

पुढचा संशय दोन बँडवर घ्या. अपडेटनंतर काही राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव देऊन टाकतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतींतून तो कमी जातो. म्हणून हॉलमध्ये उत्तम चालणारा मोबाइल आतल्या खोलीत रखडतो. स्मार्ट प्लग, बल्ब, जुने प्रिंटर, बरेच कॅमेरे यांना तर फक्त २.४ समजतो. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ बंद करून दोन्हींना वेगळी नावं द्या. २.४ साठी पूर्वीचंच नाव आणि पूर्वीचाच पासवर्ड ठेवा, म्हणजे जुनी उपकरणं एकेक करून पुन्हा जोडावी लागणार नाहीत.

तरीही प्रिंटर जुळत नसेल तर सुरक्षेचा प्रकार बघा. नवं फर्मवेअर कधी कधी डब्ल्यूपीए३ लावून देतं. हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या बहुतेक उपकरणांना तो कळत नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा, तोही चालला नाही तर २.४ वर नुसता डब्ल्यूपीए२. सुरक्षा पूर्ण काढून नेटवर्क उघडं मात्र ठेवू नका, अगदी तपासणीपुरतंही नको.

वेग कमी झाला असेल तर चॅनल. इमारतीत भिंतीला भिंत लागून प्रत्येकाचा राउटर असतो, आणि अपडेटनंतर आपला राउटर गर्दीच्या चॅनलवर जाऊन बसू शकतो. २.४ वर १, ६ आणि ११ हेच एकमेकांत न मिसळणारे चॅनल आहेत. तिन्ही आलटून पालटून लावून बघा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक घ्या. ५२ ते १४४ दरम्यानच्या चॅनलवर राउटरला आधी रडारचा माग घ्यावा लागतो. त्यामुळे चालू झाल्यावर निदान मिनिटभर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नाही. ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

इतकं करूनही जमलं नाही, तरच टाचणी. त्याआधी वॅनच्या पानाचे, वायफायच्या पानाचे फोटो काढा. पीपीपीओईचा पासवर्ड पानावर नुसत्या ठिपक्यांत दिसतो, फोटोत तो येणार नाही. म्हणून ऑपरेटरला फोन करून यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन वहीत लिहून घ्या. राउटर चालू असताना भोकात टाचणी घालून दिवे एकदम बदलेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरा. मग सगळं हाताने भरा. जुन्या फर्मवेअरवर घेतलेला बॅकअप परत चढवू नका. त्यातूनच जुनी गडबड परत येऊ शकते. रीसेटनंतर राउटरचा अॅडमिन पासवर्ड लगेच बदला.

जुनं फर्मवेअर परत टाकायचा मोह झाला, तर तळाच्या लेबलवर मॉडेलपुढचा व्ही१, व्ही२ असा आकडा वाचा. नाव एकच असलं तरी आतलं यंत्र वेगळं असतं, आणि दुसऱ्याचं फर्मवेअर चढलं की राउटर गेला. फाइल फक्त निर्मात्याच्या साइटवरून घ्या आणि लॅन केबलनेच चढवा, वायफायवरून नको. काही मॉडेल मागे जाऊच देत नाहीत. कंपनीने दिलेल्या डब्यावर तर हा प्रयोग करूच नका.

त्रास झाला म्हणून अपडेट कायमचे बंद करणं चुकीचं आहे. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने निदान ५४ देशांतली पाच लाख उपकरणं, त्यात बहुतेक घरगुती आणि छोट्या ऑफिसांतले राउटर, ताब्यात घेतली होती. असं सॉफ्टवेअर ज्यांतून शिरतं ती सुरक्षेतली भोकं अपडेटनेच बुजतात. वेळ ठरवता येत असेल तर पहाटे तीन-चारची ठेवा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि तुमच्या मॉडेलला निर्मात्याने अपडेट देणंच बंद केलं असेल, तर तो चालतोय म्हणून वापरत राहू नका, बदला.