शिक्षकांचे वाचन : प्रश्न वेळेचा आणि निवडीचा

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण हा तंबाखूच्या शेतीसाठी परिचित असलेला तालुका. तिबेटी निर्वासितांची बैलकुप्पे वसाहत याच तालुक्यात आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयी १९६३ पासून प्रादेशिक शिक्षण संस्था आणि १९६९ पासून भारतीय भाषा संस्था कार्यरत आहे. तेव्हा येथील शिक्षकाला शैक्षणिक साहित्य दुर्लभ नाही. दुर्लभ आहे तो वेळ.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास धरले असून त्यांत पाठाच्या पूर्वतयारीचाही समावेश आहे. म्हणजे वाचन हे फावल्या वेळेतील काम नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सुचविले. ते प्रशिक्षणवर्गांच्या हजेरीतच खर्ची पडले, तर हाती फारसे काही लागणार नाही.

वाचावे काय? जाडजूड ग्रंथांपेक्षा गिजुभाई बधेका यांचे छोटेखानी ‘दिवास्वप्न’ अधिक उपयोगी. त्यातील शिक्षक चौथीच्या वर्गात गोष्टींपासून आरंभ करतो, गोंधळतो, पुन्हा मार्ग शोधतो. तो प्रयोग काल्पनिक असला तरी त्यातील एखादी युक्ती दुसऱ्याच दिवशी वर्गात करून पाहता येते. नियतकालिकांतील लेख निवडतानाही हीच कसोटी लावावी. मुलांनी दिलेली चुकीची उत्तरे नोंदवून त्यांमागील विचार शोधणारा दोन पानांचा लेख सर्वसाधारण उपदेशाहून मोलाचा. पिरियापट्टणसारख्या बहुभाषक भागात घरची भाषा आणि शाळेची भाषा यांवरील लिखाणाला अग्रक्रम असावा. केंद्रातील मासिक बैठकीत परिपत्रके संपल्यावर असा एकच लेख अर्धा तास वाचून चर्चिता येईल.