नकार कोणाचा? : संगणकाचे अडथळे शोधण्याची रीत

घरातला दिवा लागेनासा झाला, की आपण काय करतो? प्रथम शेजारच्या खोलीतला दिवा लागतो का, ते पाहतो. तो लागला, तर घरात वीज आहे हे ठरले. मग बंद पडलेला बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहतो. तेथे तो लागला, तर बल्ब चांगला आहे हेही ठरले. आता उरले बटण, होल्डर आणि मधली तार. भिंत न फोडता, दोन साध्या निरीक्षणांवरून आपण दोषाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचलो.

संगणक अडला, की मात्र ही रीत आपण विसरतो. पडद्यावर एक ओळ उमटते. ती न वाचताच आपण 'ओके' दाबतो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो, दिसेल ते बटण दाबून पाहतो. वस्तुतः ती ओळ म्हणजे आपल्याला फुकट मिळालेले एक निरीक्षणच असते. ती वाचायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हा नकार दिला कोणी?

मागणीचा प्रवास

समजा, एका शाळेच्या संगणक-कक्षात बारा संगणक आहेत आणि ते एका राउटरमार्फत शाळेच्या सर्व्हरला जोडलेले आहेत. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या पुरवणारा संगणक. त्यावर धड्यांची टिपणे आहेत, प्रयोगांच्या नोंदी आहेत आणि परीक्षेचे गुणपत्रकही आहे. आपण आपल्या जागेवरून त्यातली एक फाइल मागितली. ही मागणी पुढील सहा टप्पे ओलांडून जाते.

१. आपला संगणक जाळ्याला जोडलेला हवा आणि त्याला स्वतःचा अंकी पत्ता मिळालेला हवा.
२. सर्व्हरच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सापडायला हवा.
३. त्या पत्त्यापर्यंत जायला वाट हवी आणि सर्व्हर चालू हवा.
४. सर्व्हरवरील योग्य खिडकी उघडी हवी.
५. आपण कोण, हे सर्व्हरला पटायला हवे.
६. ती फाइल पाहण्याची आपल्याला परवानगी हवी.

आता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. सहाव्या टप्प्यावर नकार मिळाला, तर आधीचे पाचही टप्पे नीट पार पडले, हे आपोआप सिद्ध होते. उशिरा मिळालेला नकार ही आधीच्या टप्प्यांची पावतीच होय! 'परमिशन डिनाइड' असा संदेश वाचूनही जो तारा हलवून पाहतो, तो ही पावती न वाचताच फेकून देतो.

मौन, नकार आणि मनाई

चौथ्या टप्प्यातील 'खिडकी' म्हणजे काय, ते पाहू. सर्व्हर ही एक मोठी कचेरी समजा. कचेरीचा पत्ता एकच, पण कामागणिक खिडकी वेगळी. संगणकाच्या भाषेत या खिडकीला पोर्ट म्हणतात आणि तिचे क्रमांक ६५५३५ पर्यंत असतात. साध्या वेबपानांसाठी ८०, सुरक्षित वेबपानांसाठी ४४३, दुरून सर्व्हरवर काम करण्यासाठी २२, अशा काही खिडक्या ठरून गेलेल्या आहेत.

आपली मागणी अडली, की सामान्यतः तीन प्रकारचे अनुभव येतात.

पहिला प्रकार मौनाचा. वीस-तीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वाट पाहिल्यावर 'टाइम्ड आउट' असा संदेश येतो. येथे पलीकडून कोणी काहीच बोललेले नाही. आपलाच संगणक वाट पाहून थकला. सर्व्हर बंद असेल, मधली वाट तुटली असेल, किंवा मधल्या पहारेकऱ्याने, म्हणजे फायरवॉलने, आपली मागणी गुपचूप टाकून दिली असेल.

दुसरा प्रकार नकाराचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' हा संदेश बहुधा क्षणार्धात येतो. याचा अर्थ असा, की कचेरी सापडली, ती उघडीही आहे, पण त्या खिडकीमागे कोणी बसलेले नाही. सर्व्हरवरील तो कार्यक्रम सुरू नसेल, किंवा आपण खिडकीचा क्रमांक चुकीचा दिला असेल. क्वचित मधला पहारेकरीही असे उत्तर देतो. तरी कोणीतरी उत्तर दिले, म्हणजे तेथवरची वाट ठीक आहे, एवढे निश्चित.

तिसरा प्रकार मनाईचा. खिडकीमागे माणूस आहे, त्याने मागणी ऐकली, आणि मग 'हे तुम्हाला देता येणार नाही' असे सांगितले. वेबपानांच्या जगात ही उत्तरे क्रमांकांनी दिली जातात. ४०१ म्हणजे 'आधी ओळख पटवा', ४०३ म्हणजे 'मागणी समजली, पण परवानगी नाही' आणि ४०४ म्हणजे 'अशी वस्तू येथे नाही'. पाचशेच्या पुढचे क्रमांक आले, तर घोटाळा सर्व्हरच्या बाजूचा असतो. अशा वेळी आपला संगणक उघडून बसण्यात अर्थ नाही.

म्हणून संदेशाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहून घ्यावेत आणि उत्तर यायला किती वेळ लागला, तेही लिहावे. प्रयोगशाळेत आपण वाचन नोंदवतो ना, तसेच.

हाक मारून पाहणे

वाट तपासण्याचे एक साधे साधन जवळजवळ प्रत्येक संगणकावर असते. त्याचे नाव 'पिंग'. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात ही छोटीशी आज्ञावली लिहिली. पाणबुडीतील सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. त्याच आवाजावरून मूस यांनी हे नाव घेतले. पिंग एखाद्या पत्त्यावर हाक धाडते आणि प्रतिसाद किती मिलिसेकंदांत आला, ते सांगते.

येथे भौतिकशास्त्र आपल्या मदतीला येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन हे सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४,४०० किलोमीटर. त्याला किमान ७२ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तारा वळणे घेत जातात, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. उद्या लंडनच्या म्हणून समजलेल्या सर्व्हरकडून मुंबईत ३ मिलिसेकंदांत उत्तर आले, तर ते लंडनहून आलेले नाही, हे खात्रीने सांगता येते. जवळच्याच कोणीतरी उत्तर दिले! नकार कोणाचा, हे कधीकधी घड्याळही सांगते.

हाका मारण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम १२७.०.०.१ या पत्त्याला. हा प्रत्येक संगणकाचा 'मी स्वतः' असा पत्ता आहे. नंतर आपल्या संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून काही मिळाले नाही, म्हणून संगणकाने आपणच एक पत्ता लावून घेतला आहे, असे समजावे. दोष बहुधा तारेत, वाय-फायमध्ये किंवा राउटरमध्ये सापडेल. त्यानंतर राउटरला, मग सर्व्हरच्या अंकी पत्त्याला आणि शेवटी सर्व्हरच्या नावाला हाक मारावी. अंकाने उत्तर येते आणि नावाने येत नाही, असे झाले तर दोष दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्यात आहे.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. काही सर्व्हर हाकेला मुद्दामच ओ देत नाहीत. तेव्हा प्रतिसाद आला तर वाट चालू आहे हे सिद्ध होते; पण प्रतिसाद न आल्याने वाट बंद आहे, हे सिद्ध होत नाही.

नावावरून पत्ता शोधण्याचा टप्पा किरकोळ वाटतो. पण ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, भारतीय वेळेनुसार नऊनंतर, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत दुवे तुटले. त्यामुळे नावांचे पत्ते सांगणाऱ्या तिच्या सर्व्हरांनी, ठरलेल्या नियमाप्रमाणे, आपल्याकडे येण्याच्या वाटा जाहीर करणे थांबवले. नावे होती, यंत्रेही होती. पण पत्ता सांगणाऱ्यापर्यंतच कोणी पोहोचू शकत नव्हते. त्या रात्री ज्यांनी आपला फोन दहादा बंद-चालू केला, त्यांनी शेजारच्या फोनवर पाहिले असते, किंवा दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहिले असते, तर दोष आपल्याकडे नाही हे लगेच कळले असते.

परवानगीचे गणित

आता सहाव्या टप्प्याकडे वळू. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यातली परवानग्यांची पद्धत आज लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांत वापरली जाते. विंडोजमध्ये तपशील वेगळे असले, तरी तत्त्व तेच आहे.

प्रत्येक फाइलसाठी तीन प्रकारचे लोक मानतात : मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन अधिकार देता येतात. वाचण्याच्या अधिकाराची किंमत ४, लिहिण्याच्या अधिकाराची २ आणि चालवण्याच्या अधिकाराची १. या किमतींची बेरीज करून एक अंक लिहितात. ४, २, १ या संख्यांची कोणतीही निवड केली, तरी बेरीज वेगळीच येते. म्हणून ६ म्हणजे वाचणे आणि लिहिणे, दुसरे काही नाही.

गुणपत्रकाच्या फाइलची परवानगी ६४० आहे, असे समजा. मालक असलेल्या परीक्षा-प्रमुख बाई ती वाचू आणि बदलू शकतात. 'शिक्षक' या गटातील लोक ती फक्त वाचू शकतात. इतरांना काहीच करता येत नाही. विद्यार्थ्याला 'परमिशन डिनाइड' असे उत्तर मिळाले, तर तो बिघाड नव्हे. यंत्रणेची प्रकृती उत्तम असल्याचीच ती खूण आहे!

फोल्डरच्या बाबतीत याच अधिकारांचे अर्थ थोडे बदलतात. वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, लिहिणे म्हणजे यादीत नाव घालणे किंवा काढणे, आणि चालवणे म्हणजे त्या फोल्डरमधून पलीकडे जाणे. म्हणून फाइल सर्वांना खुली असली, तरी वाटेतला एखादा फोल्डर बंद असला की मनाई होते. अशा वेळी वरच्या फोल्डरपासून एकेक दार तपासत खाली यावे.

आता समजा, शाळेत नवे शिक्षक रुजू झाले आणि त्यांना गुणपत्रक उघडेना. घाईत असलेला एखादा मदतनीस म्हणतो, "परवानगी ७७७ करून टाका, सर्वांना सर्व काही खुले!" फाइल लगेच उघडते आणि सर्वांना हायसे वाटते. पण हा उपाय कसला आहे? वारंवार वितळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घालण्यासारखा! दिवा लागतो, पण घराचे रक्षण करणारी वस्तू नाहीशी होते. त्या दिवसापासून सर्व्हरवर पोहोचणारा कोणीही कोणाचेही गुण बदलू शकेल. एखाद्या मुलाचे ४८ चे ८४ झाले, किंवा ८४ चे ४८ झाले, तर त्या फाइलवर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

खरा दोष एवढाच, की नवे शिक्षक 'शिक्षक' या गटात नव्हते. त्यांना गटात घालावे आणि त्यांनी एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. गटातला बदल बहुधा नव्याने प्रवेश केल्यावरच लागू होतो. फाइलची परवानगी ६४० च राहिली, आणि कामही झाले.

असेच आणखी एक उदाहरण आहे. जुन्या संगणकात घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा एक चपटा सेल असतो. तो संपला, की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना मुदत असते. तारीख चुकली, की खरे ओळखपत्रही त्या संगणकाला खोटे वाटते. पडद्यावर इशारा येतो आणि लोक 'तरीही पुढे जा' हे बटण दाबायला शिकतात. पुढे एके दिवशी इशारा खरा असतो, आणि हात मात्र सवयीने तेच बटण दाबतो. उपाय काय? तारीख दुरुस्त करणे आणि एक स्वस्त सेल बदलणे.

तपासाचे नियम थोडकेच आहेत. संदेश नीट वाचावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तिने गुण आला नाही तर ती पूर्ववत करून पुढची बदलावी. दुसऱ्या संगणकाशी तुलना करावी. नकार कोणी दिला आणि का दिला, हे कळेपर्यंत रक्षणाची कोणतीही व्यवस्था काढू नये. आणि हे सर्व आपल्या किंवा शाळेच्या यंत्रांवर, शिक्षकांना विचारूनच करावे.

विचार करा

१. कक्षातील अकरा संगणकांना सर्व्हर सापडतो, एकालाच सापडत नाही. प्रथम काय तपासाल?
२. एका सर्व्हरकडून २ मिलिसेकंदांत प्रतिसाद आला. तो जास्तीत जास्त किती दूर असेल?
३. एका फाइलवर विद्यार्थ्यांना काहीच अधिकार नाही, पण ती असलेल्या फोल्डरवर तिन्ही अधिकार आहेत. विद्यार्थी ती फाइल वाचू शकेल का? पुसू शकेल का?

उत्तरे : (१) त्या संगणकाची तार किंवा वाय-फाय आणि त्याला मिळालेला पत्ता. (२) २०० किलोमीटर. (३) वाचू शकणार नाही. पण सामान्यतः पुसू शकेल, कारण पुसणे म्हणजे फोल्डरच्या यादीतून नाव काढणे.